टप्पा न पडता वळणारा चेंडू

क्रिकेटवर वाढलेला माणूस पहिल्यांदा बेसबॉल बघायला बसला की थोड्या वेळाने एक प्रश्न हमखास विचारतो: यात चेंडूचा टप्पाच पडत नाही, मग बॉलर करतो तरी काय? आपल्याकडे गोलंदाजाची अर्धी करामत खेळपट्टीवर होते. चेंडू टप्पा घेतो, कधी उसळतो, कधी खाली राहतो, कधी हातभर वळतो. बेसबॉलमध्ये यातलं काहीच नाही. चेंडू हातातून सुटतो आणि हवेतूनच थेट फलंदाजापर्यंत जातो. खेळपट्टीच्या भेगा नाहीत, हिरवळ नाही, पाचव्या दिवसाची माती नाही. तरीही दहापैकी तीन वेळा फटका मारून सुखरूप बेसवर पोहोचणारा फलंदाज तिथे थोर मानला जातो. उरलेल्या सात वेळा त्याला कोण फसवतं?

४ जुलै हा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. त्याच्या जोडसुट्टीत आम्ही दोघं न्यू जर्सीहून डेन्व्हरला माझ्या नणंदेकडे गेलो होतो. ताईंच्या घरी पोहोचल्यावर बॅग उघडली, तर नेलेलं चिवड्याचं पाकीट उशीसारखं टम्म फुगलेलं. संध्याकाळी कॉलोराडो रॉकीज संघाचा सामना होता आणि भाच्याने, अर्णवने, सगळ्यांची तिकिटं आधीच काढून ठेवली होती. शाळेच्या संघात तो पिचर आहे, म्हणजे आपल्या भाषेत बॉलर. नवऱ्याने वरचा प्रश्न त्यालाच विचारला. त्याचं उत्तर आणि फुगलेल्या पाकिटाचं कारण एकच आहे: हवा.

आधी चेंडू नीट पाहू

अर्णवने चेंडू माझ्या हातात दिला. "मामी, शिवण बघ. आमचं सगळं काम हिच्यावर चालतं."

बेसबॉलचा चेंडू पांढरा असतो आणि त्याची शिवण लाल दोऱ्याची. क्रिकेटच्या चेंडूवर शिवण सरळ पट्ट्यासारखी मधोमध फिरते. इथे घोड्याच्या नालेच्या आकाराचे दोन चामडी तुकडे एकमेकांत गुंतवून शिवलेले असतात, त्यामुळे शिवण चेंडूभर नागमोडी जाते. तिचे दुहेरी टाके १०८, आणि ते आजही हाताने घातले जातात. मोठ्या लीगचे, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेचे, चेंडू कोस्टा रिकामधल्या तुरियाल्बा गावी बनतात. वजन १४२ ते १४९ ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडं कमी, आणि घेर किंचित जास्त. चामड्याच्या आत लोकरीच्या धाग्याचे घट्ट वेढे आणि मध्यभागी रबरात बसवलेला बुचाचा गोळा. ही लोकर लक्षात ठेवा, पुढे तिचं मोठं काम आहे.

अर्णवने तर्जनी आणि मधलं बोट शिवणीवर आडवं ठेवलं, अंगठा खाली. चेंडू सोडताना ही दोन बोटं त्याच्या पाठीवरून खाली ओढली जातात आणि चेंडू उलटा फिरत निघतो: पुढे जातो आहे, पण त्याची वरची बाजू बॉलरच्या दिशेने मागे फिरते आहे. हा फास्टबॉल. मग त्याने मनगट वळवून बोटं चेंडूच्या पुढच्या बाजूने खाली आणली. आता फिरकी बरोबर उलट, वरची बाजू फलंदाजाच्या दिशेने पुढे. हा कर्व्हबॉल. हाताची हालचाल लांबून जवळपास सारखीच दिसते. फरक असतो तो फिरकीत, आणि ती फिरकी हवेशी काय करते त्यात.

चौकट : बेसबॉल पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी
सामना नऊ इनिंगचा. प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात आणि तीन जण बाद झाले की पाळी संपते.
फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंत आणि होम प्लेटच्या, म्हणजे त्याच्याजवळ जमिनीत बसवलेल्या पाटीच्या, रुंदीएवढा एक अदृश्य चौकोन असतो. त्यातून गेलेला चेंडू सोडला, किंवा कुठलाही चेंडू मारायला जाऊन चुकला, तर एक स्ट्राइक. तीन स्ट्राइक झाले की बाद.
चौकोनाबाहेरचे चार चेंडू सोडले तर फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो.
फटका समोरच्या काटकोनातच जायला हवा. यष्टिरक्षकाच्या मागे टोलवून धावा मिळत नाहीत.
चार बेस चौकोनात, एकमेकांपासून ९० फुटांवर. चारही फिरून घरी आलं की एक धाव. चेंडू हवेतून थेट कुंपणापार गेला की होम रन.

वल्हं आणि पाणी

नावाडी वल्ह्याने पाणी मागे लोटतो, म्हणून नाव पुढे जाते. फिरता चेंडू हवेच्या बाबतीत हेच करतो.

चेंडू वेगाने निघाला की समोरची हवा त्याच्या वरून आणि खालून वाहत मागे जाते. चेंडूच्या पृष्ठभागाला हवेचा एक पातळ थर चिकटलेला असतो आणि खडबडीत शिवण त्याला आणखी धरून ठेवते. फास्टबॉलची वरची बाजू मागे फिरत असते, म्हणजे वरून वाहणाऱ्या हवेच्याच दिशेने. तिथे हवा चेंडूला जास्त वेळ चिकटून राहते, त्याच्या गोलाईवरून थोडी खाली वळते आणि मग सुटते. खालच्या बाजूला फिरकी हवेच्या विरुद्ध, त्यामुळे तिथे हवा लवकर सुटते. एकूण परिणाम असा की चेंडूच्या मागे सुटणारा हवेचा पट्टा खालच्या दिशेने ढकलला जातो. हवा खाली गेली, तर चेंडूला वर रेटा मिळणारच. वल्हं पाणी लोटतं आणि नाव उलट दिशेने सरकते, तेच इथे.

कर्व्हबॉलमध्ये फिरकी उलटी, म्हणून हवा वर ढकलली जाते आणि चेंडू खाली. फिरकीचा आस तिरपा केला तर चेंडू बाजूलाही जातो. या परिणामाला माग्नुस परिणाम म्हणतात, जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख गुस्टाफ माग्नुस यांच्या नावावरून. त्यांनी १८५२च्या सुमाराला त्यावर प्रयोग केले. त्याच्याही कितीतरी आधी, १६७२ मध्ये, टेनिसचा तिरपा मारलेला चेंडू वाकून जातो हे न्यूटनने नोंदवून ठेवलं होतं.

बेसबॉलमध्ये कर्व्हबॉलचं श्रेय कँडी कमिंग्ज या खेळाडूला दिलं जातं. १८६३ मध्ये ब्रुकलिनच्या किनाऱ्यावर शिंपले भिरकावताना ते हवेत वळतात हे पाहून आपल्याला ही कल्पना सुचली, असं तो सांगत असे. १९३९ मध्ये त्याला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. तरी चेंडू खरोखर वळतो की तो डोळ्यांचा भास आहे, हा वाद अमेरिकेत बराच काळ चालला. अखेर लायमन ब्रिग्ज यांनी चेंडू बोगद्यातल्या वाऱ्यात फिरवून मोजमाप केलं. हे अमेरिकेच्या मानक संस्थेचे माजी संचालक. १९५९ मध्ये, चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या वयात, त्यांनी दाखवून दिलं की चेंडू साडेसतरा इंचांपर्यंत, म्हणजे सुमारे ४४ सेंटिमीटर वळू शकतो. निवृत्तीनंतर या वयात एका खेळातला वाद मिटवण्यासाठी प्रयोगशाळेत उभं राहणाऱ्या या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

क्रिकेटमधला स्विंग मात्र वेगळ्या कारणाने होतो. तिथे शिवण एका बाजूला तिरपी धरलेली असते आणि ती त्या बाजूची हवा घुसळते. दुसऱ्या बाजूची हवा शांत असते आणि लवकर सुटते. अलीकडे युटा राज्यातल्या विद्यापीठात बार्टन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की बेसबॉलमध्येही शिवणीच्या जागेमुळे, निव्वळ फिरकीने होणार नाही असं वळण मिळतं. म्हणजे स्विंगचा एक चुलतभाऊ तिथेही निघाला. पण मुख्य काम फिरकीचंच.

चार दशांश सेकंदांचा हिशेब

बॉलर ज्या उंचवट्यावरून चेंडू टाकतो त्यापासून होम प्लेटपर्यंतचं अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर. आपल्या बावीस यार्डांपेक्षा ते थोडं कमीच. बॉलर पाय पुढे टाकून झेपावतो, त्यामुळे चेंडू प्रत्यक्षात आणखी जवळून सुटतो. ताशी १५० किलोमीटर वेगाच्या चेंडूला पोहोचायला साधारण चार दशांश सेकंद लागतात. चांगला फास्टबॉल मिनिटाला २३०० गिरक्यांच्या आसपास फिरतो. म्हणजे एवढ्या वेळात पंधरा-सोळा गिरक्या.

चार दशांश सेकंदांत गुरुत्वाकर्षण कुठल्याही वस्तूला पाऊण मीटरहून थोडं अधिक खाली खेचतं. फास्टबॉलची उलटी फिरकी त्यातला ४० सेंटिमीटरच्या आसपासचा भाग वाचवते. चेंडू खाली येतोच, पण फलंदाजाच्या अंदाजापेक्षा कमी. फलंदाज शपथेवर सांगतो की चेंडू वर उठला. तो उठलेला नसतो. कर्व्हबॉलमध्ये फिरकी गुरुत्वाकर्षणाच्या मदतीला येते आणि चेंडू जणू टेबलावरून पडावा तसा घसरतो.

खरी फसवणूक या दोघांमधल्या अंतरात आहे. दोन्ही चेंडू एकाच हातातून, जवळपास एकाच वाटेने निघतात. फलंदाजाला निम्म्या वाटेच्या आतच ठरवावं लागतं, कारण बॅट फिरवायलाही वेळ लागतो. बेसबॉलची बॅट गोल, आणि जास्तीत जास्त जाडी २.६१ इंच, म्हणजे ६.६ सेंटिमीटर. अंदाज तीन-चार बोटांनी चुकला की बॅट हवेतच फिरते. बोटभर चुकला तरी चेंडू नीट बसत नाही, उंच उडतो किंवा पायाशी आपटतो.

टप्प्याशिवाय बॉलर काय करतो, याचं उत्तर एवढंच. आपल्याकडे खेळपट्टी जे काम करते, ते इथे हवा करते. मग जिथे हवाच कमी आहे तिथे काय होत असेल?

कळसूबाईच्या उंचीवरचं मैदान

डेन्व्हर समुद्रसपाटीपासून ५,२८० फुटांवर आहे, बरोबर एक मैल. मीटरमध्ये १,६०९. आपल्या कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वांत उंच टोकाच्या जवळपास बरोबरीला एक लाखो वस्तीचं शहर पसरलेलं आहे. फरक इतकाच की तिथे चढून जावं लागत नाही. पूर्वेकडून येताना जमीन हळूहळू, न कळत उंच होत जाते. महाबळेश्वरही याच्या खालीच राहतं.

या उंचीवर हवेचा दाब मुंबईच्या मानाने सुमारे १८ टक्के कमी. तापमान सारखं धरलं तर हवाही तेवढीच विरळ. चिवड्याचं पाकीट फुगतं ते त्यामुळेच: आतली हवा न्यू जर्सीची, समुद्रकाठची, आणि बाहेरून दाबणारी हवा कमी. पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. ताई तूर नेहमीपेक्षा एक शिट्टी जास्त देऊन शिजवतात.

रॉकीजचं मैदान, कूर्स फील्ड, १९९५ मध्ये सुरू झालं. तिथल्या वरच्या मजल्यावर सगळ्या खुर्च्या हिरव्या आणि विसावी रांग तेवढी जांभळी आहे. ती बरोबर एक मैल उंचीची खूण. आमची जागा तिच्यापासून फार लांब नव्हती. अर्णव आम्हाला आधी तिथे घेऊन गेला आणि मग खाण्याच्या रांगेत.

आता वल्ह्याकडे परत जाऊ. वल्हं तेवढंच, हातही तेवढाच जोरकस, पण लोटायला पाणी १८ टक्क्यांनी कमी. म्हणजे फिरकीचा रेटाही तेवढाच कमी होणार. ज्या फास्टबॉलला न्यूयॉर्कमध्ये ४० सेंटिमीटरचा आधार मिळतो, त्याला डेन्व्हरमध्ये मिळतो ३३. चेंडू सात सेंटिमीटर खाली येतो. कर्व्हबॉल तेवढ्याच मापाने कमी घसरतो, म्हणजे सात सेंटिमीटर वर राहतो. खुद्द चेंडूची जाडी सात सेंटिमीटरच्या थोडी वर. दोन्ही मिळून पाहिलं तर फास्टबॉल आणि कर्व्हबॉल यांच्यातलं अंतर जवळपास दोन चेंडूंच्या जाडीने घटतं. फलंदाजाला फसवायची जागाच आक्रसते.

विरळ हवेने बॉलरला एक छोटा फायदाही होतो. नेहमीच्या हवेत चेंडू फलंदाजापर्यंत जाईतो आठ-नऊ टक्के वेग गमावतो. डेन्व्हरमध्ये थोडा कमी गमावतो. ताशी दोनेक किलोमीटर वाचतात. पण ज्याचं पोट कर्व्हबॉलवर आहे त्याला या दोन किलोमीटरांनी काय मिळणार?

डॅरिल काइल या बॉलरची कथा मला या सगळ्या हिशेबापेक्षा जास्त बोलकी वाटते. त्याचा कर्व्हबॉल नावाजलेला होता. १९९८ मध्ये तो रॉकीजकडे आला. १९९९च्या मोसमात त्याच्या दर नऊ इनिंगमागे सरासरी ६.६१ धावा निघाल्या, आणि ही सरासरी चारच्या आत असली तर चांगली मानतात. २००० मध्ये तो सेंट लुइसकडे गेला, सपाट प्रदेशात, दाट हवेत, आणि त्याच मोसमात त्याने २० सामने जिंकले. माणूस तोच होता, बोटंही तीच.

फटका किती लांब जातो?

बॉलरचं नुकसान ही अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी बॅटला चेंडू लागल्यानंतर सुरू होते.

ताशी १४५ किलोमीटरच्या आसपास वेग असताना चेंडूला हवेचा होणारा विरोध त्याच्या वजनाएवढा असतो. म्हणजे चेंडूला जेवढी पृथ्वी खाली ओढते, तेवढ्याच जोराने हवा मागे ओढते. ताशी १६० किलोमीटर वेगाने, तीस अंशांच्या कोनात मारलेला चेंडू हवा नसलेल्या जागी १७५ मीटर गेला असता. प्रत्यक्षात तो १२० मीटरच्या आसपास पडतो. हवेचा विरोध कमी झाला की हे अंतर वाढणार, हे उघड आहे.

पण १८ टक्के हवा कमी म्हणून चेंडू १८ टक्के लांब जात नाही. उंच फटक्यातही चेंडू उलटा फिरत असतो आणि फिरकीच्या रेट्याने काही काळ तरंगत राहतो. विरळ हवेत तो रेटाही घटतो. म्हणजे पुढे जायला अडथळा कमी, पण वर धरून ठेवणारा आधारही कमी. जमा-खर्च मांडला की हातात उरते ती सुमारे पाच टक्के वाढ. ४०० फुटांचा फटका ४२० फुटांवर जातो. पूर्वीचे अंदाज याच्या दुप्पट होते. इलिनॉय विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅलन नेथन यांनी प्रत्यक्ष फटक्यांची मोजमापं तपासून हा आकडा खाली आणला. वीस फूट ऐकायला थोडे वाटतात, पण कुंपणाजवळ झेलबाद आणि होम रन यांच्यात बहुतेक वेळा एवढंच अंतर असतं.

हे बांधणाऱ्यांना ठाऊक होतं. म्हणून कूर्स फील्डचं कुंपण मुद्दाम लांब आहे: डावीकडे ३४७ फूट, उजवीकडे ३५०, मध्यभागी ४१५. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये उजवं कुंपण अवघं ३१४ फुटांवर. पण एका औषधाने दुसरं दुखणं निघालं. कुंपण मागे नेलं की मैदान ऐसपैस होतं, आणि क्षेत्ररक्षक मात्र तेवढेच. बाहेरच्या तिघांना मागे उभं राहावं लागतं आणि त्यांच्या पुढ्यात चेंडू पडायला मोकळी जागा तयार होते. त्यामुळे डेन्व्हरमध्ये केवळ होम रनच नाही, साधे फटकेही जास्त वसूल होतात. माझ्या मते मैदानाचा हाच भाग सर्वांत मजेचा आहे. उंच गेलेला चेंडू सगळेच मान वर करून बघतात. मात्र क्षेत्ररक्षक चार पावलं मागे सरकतो आणि पुढची जागा सोडतो, ती दोन्हीकडून होणारी कोंडी बघण्यासारखी असते.

ओलसर खोलीतले चेंडू

पहिली काही वर्षं धावांचा नुसता पूर होता. १९९९च्या मोसमात या एका मैदानावर ३०३ होम रन झाले. मग मैदानाच्या देखभालीतल्या एका कर्मचाऱ्याच्या लक्षात आलं की शिकारीला वापरायचे आपले चामडी बूट कोरड्या हवेत वाळून आखडले आहेत. चेंडूही चामड्याचाच. त्याचंही असंच होत असेल का?

होत होतं. डेन्व्हरची हवा विरळ आहे तशी कोरडीही आहे. गोदामात ठेवलेल्या चेंडूंतली लोकर आणि चामडं ओलावा गमावत होतं. चेंडू हलके, टणक आणि गुळगुळीत होत होते. टणक चेंडू बॅटवरून जास्त जोरात उसळतो आणि गुळगुळीत चेंडूवर बॉलरची बोटं घसरतात. २००२ पासून रॉकीजने चेंडू एका बंद खोलीत ठेवायला सुरुवात केली. तिथे तापमान आणि हवेतला ओलावा ठरावीक राखला जातो. ओलाव्याची पातळी पुढे ५० टक्क्यांच्या आसपास ठेवली गेली. सिगार ठेवण्याच्या ओलसर पेटीवरून या खोलीलाही ह्युमिडॉर म्हणतात.

चेंडूभोवतीचा ओलावा ३० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेला तर उंच फटका सुमारे १४ फुटांनी आखूड पडतो, असं नेथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. मैदानावरचे आकडे याला धरूनच होते. १९९५ ते २००१ या काळात दर सामन्यामागे ३.२० होम रन, २००२ ते २०१० मध्ये २.३९. पंचवीस टक्क्यांची घट, आणि तीही कोणाच्या डोळ्यांना काही न दिसता. २०२२ पासून मोठ्या लीगच्या तिसही संघांना अशी खोली बंधनकारक झाली.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ह्युमिडॉर चेंडूला ओलावा देतो, मैदानावरच्या हवेला नाही. अनेकांना वाटतं की दमट हवा जड असते आणि चेंडू तिच्यात अडतो. खरं तर दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते, कारण पाण्याच्या वाफेचे रेणू ज्या नायट्रोजन-ऑक्सिजनची जागा घेतात त्यांच्यापेक्षा हलके असतात. कोकणातल्या उकाड्यात हवा अंगावर बसल्यासारखी वाटते ती घाम वाळत नाही म्हणून. फटक्याच्या लांबीवर या फरकाचा परिणाम नगण्य. उष्णतेचा मात्र होतो. गरम हवा पसरते, विरळ होते, म्हणून जुलैतल्या दुपारी चेंडू एप्रिलच्या थंडीपेक्षा थोडा लांब जातो.

श्रेय किती द्यायचं?

हवेने केलेल्या मदतीचं श्रेय माणसाला द्यायचं का, हा प्रश्न कूर्स फील्डने बेसबॉलपुढे उभा केला. लॅरी वॉकर हा रॉकीजचा अप्रतिम फलंदाज. त्याला हॉल ऑफ फेममध्ये यायला २०२० साल उजाडलं, मतपत्रिकेवरच्या दहाव्या आणि शेवटच्या वर्षी. त्याच्या धावा डेन्व्हरच्या हवेतल्या म्हणून कमी धराव्यात, असं अनेकांचं म्हणणं होतं. रॉकीजचाच टॉड हेल्टनही याच शंकेतून गेला आणि २०२४ मध्ये निवडला गेला.

मला वाटतं हा हिशेब एकतर्फी मांडला जातो. रॉकीजचा फलंदाज आठवडाभर घरी कमी घसरणारे कर्व्हबॉल खेळतो आणि मग लॉस एंजेलिसला किंवा न्यूयॉर्कला जातो. तिथे तोच चेंडू चेंडूभर जास्त घसरतो. डोळ्याला लागलेली सवय एका विमानप्रवासात मोडावी लागते. परगावी या संघाची फलंदाजी ढेपाळते त्याचं हे एक कारण असावं, असं बरेच जण मानतात. घरच्या मैदानाने जे दिलं ते वजा करणाऱ्यांनी, त्याने जे हिरावलं तेही जमेला धरायला हवं.

या मैदानावर बॉलरला कधीच दिवस चांगला येत नाही असंही नाही. १७ सप्टेंबर १९९६ रोजी लॉस एंजेलिस डॉजर्सच्या हिदेओ नोमो या जपानी बॉलरने पूर्ण नऊ इनिंग टाकल्या आणि रॉकीजला एकही साधा बेसहिट, म्हणजे बेसवर नेणारा फटका, मिळू दिला नाही. पावसाने सामना उशिरा सुरू झाला होता, रात्र थंड आणि ओली होती. नोमोचं खास अस्त्र फोर्कबॉल. दोन बोटं फाकवून त्यांच्या बेचक्यात चेंडू धरायचा, म्हणजे सुटताना त्याला फिरकी फारच कमी मिळते. जो चेंडू हवेकडून फारसं काही मागतच नाही, त्याला विरळ हवा कितीसं अडवणार? त्याचं काम गुरुत्वाकर्षणावर चालतं, आणि ते डेन्व्हरमध्येही मुंबईएवढंच आहे.

बघायला जाणार असाल तर

अमेरिकेत नातलग असलेल्या मराठी घरांतून उन्हाळ्यात बरीच मंडळी मुलांकडे जातात आणि एखादा सामना बघायला नेली जातात. तीन तास समजत नाही म्हणून कंटाळून बसण्यापेक्षा जागा निवडतानाच थोडा विचार करावा. बाजूच्या खुर्च्यांवरून चेंडूचा फक्त वेग दिसतो. वळण बघायचं तर होम प्लेटच्या मागे, वरच्या मजल्यावर बसावं. तिथली तिकिटं खालच्या रांगांपेक्षा बरीच स्वस्तही असतात. डेन्व्हरला ऊन नेहमीपेक्षा जास्त भाजतं, कारण डोक्यावरची हवा कमी. टोपी आणि पाणी हवंच. जुलैत दुपारनंतर विजांचा पाऊस अचानक येतो, तेव्हा एक हलकं जाकीट जवळ असू द्यावं. आणि ४ जुलैच्या सुमाराचा सामना असला तर नंतरच्या आतषबाजीसाठी थांबावं. आमच्या ताई वर्षानुवर्षं तेवढ्यासाठीच येतात.

मोठ्या पडद्यावर प्रत्येक चेंडूचा प्रकार आणि वेग लिहून येतो. तो मोजणारी कॅमेऱ्यांची यंत्रणा २०२० पासून हॉक-आयची आहे, क्रिकेटमध्ये पायचीतचा निर्णय देणारी तीच. पडद्यावर कर्व्हबॉल हा शब्द दोन-चारदा वाचला की फलंदाजावरची नजर काढून कॅचरच्या, म्हणजे यष्टिरक्षकाच्या, ग्लव्हवर लावावी. चेंडू सुटण्याआधी त्याने तो कुठे धरला होता आणि शेवटी कुठे नेऊन चेंडू घेतला, हे बघत राहिलं की दोन-तीन इनिंगमध्ये कर्व्हबॉल आपसूक ओळखता येऊ लागतो.